घाई काय आहे, काका

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की ओरडायचं नाही, लिहून काढायचं. बीपी वाढलंय म्हणे. निधीने घरी येताना वाटेतच ही वही घेतली. "घे. आता हिच्यावर ओरड." बायको आहे की कंपाउंडर!

आणि पहिल्याच दिवशी लिहायला राग नाही. गुरुनाथकाकांच्या घराचं काम मिळालं. खालची स्टडी काढून तिथे बेडरूम, शेजारी मोठी बाथरूम, शिवाय किचनमधली किरकोळ कामं. दोन वर्षांपूर्वी तेल कंपनीने मला नारळ दिला आणि मी रिमॉडेलिंगचा धंदा काढला, तेव्हापासूनचं हे सगळ्यात मोठं काम. साठ हजार डॉलरच्या वर जाईल. आणि काकांचं घर म्हणजे ह्युस्टनजवळच्या शुगर लँडच्या अख्ख्या मराठी मंडळाचं शोरूम. दिवाळीला शंभर माणसं ती बाथरूम बघणार.

आज काकूंच्या हस्ते भिंतीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझा सुतार ऑक्टाव्हियो टोपी काढून उभा होता बिचारा, चर्चमध्ये उभा राहावा तसा. मग काकांनी चेकबुक काढलं. "अ‍ॅडव्हान्स किती देऊ?"

मी म्हटलं, "अहो काका, घाई काय आहे? तुमचे पैसे कुठे पळून चाललेत?"

"धंदा असा करतात का, गाढवा?" म्हणाले, पण चेकबुक खिशात ठेवताना खूश होते. मला दिसलं ना. वीस-बावीस वर्षांपूर्वी ह्युस्टनच्या एअरपोर्टवर मला घ्यायला हाच माणूस आला होता. मी त्यांचा ना नात्याचा ना गोत्याचा. महिनाभर घरी ठेवून घेतलं, गाडी शिकवली, माझ्या पहिल्या अपार्टमेंटच्या कागदावर जामीन म्हणून सही केली. त्यांच्याकडून मी अ‍ॅडव्हान्स घेऊ?

घरी आल्यावर निधीचा पहिला प्रश्न, "कॉन्ट्रॅक्टवर सही घेतलीस?"

"काकांसमोर कॉन्ट्रॅक्ट धरू? काय बोलतेस काय तू?"

सामानासाठी आणि ऑक्टाव्हियोच्या मजुरीसाठी लेकीच्या, सियाच्या, कॉलेजच्या खात्यातून चाळीस हजार काढले. ऑगस्टमध्ये ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत तिची फी भरायची आहे, तोवर काम होऊन पैसे परत खात्यात.

२६ फेब्रुवारी

शोभनाकाकूंची टेस्ट! देवा रे देवा. इतकी सुंदर पांढरी टाइल आणली मी, आणि त्यांना कमोडची सीट हवी लाल. लालभडक. "काकू, आपण ऑफ-व्हाइट घेऊ, शोभून दिसेल." "नाही रे, लालच दे. लांबून दिसली पाहिजे." कमोड लांबून कशाला दिसायला हवा?

आरसा नको म्हणाल्या. बाथरूममध्ये आरसा नको! मी तीनशे डॉलरचा आरसा परत करून आलो. बाथरूमच्या दाराला आतून लॉक नको. किचनच्या कपाटांना काचेची दारं, आतलं सगळं बाहेरून दिसेल अशी. आणि गॅसच्या शेगडीला एक वेगळा कॉक, तोही कुलूपवाल्या कपाटात. ऑक्टाव्हियो माझ्याकडे बघत होता. मी खांदे उडवले. म्हातारी माणसं पै पै वाचवतात, गॅस वाया जाईल म्हणून असेल. पुण्याची माणसं, विचारायची सोय नाही.

दिवाळीला शंभर माणसं लाल सीट बघणार. माझं शोरूम!

१२ मार्च

आज पुढच्या दाराला कडी लावली. साधी नाही, दाराच्या अगदी वरच्या टोकाला. माझाच हात जेमतेम पोचतो. "काकू, तुम्हाला स्टूल घ्यावं लागेल." "घेईन." शिवाय तिला दाराचाच पांढरा रंग द्यायला लावला, उठून दिसू नये म्हणून. शुगर लँडमध्ये कुठले आलेत चोर? पण वय झालं की माणूस घाबरट होतो.

काका एकदम मजेत. जेवताना मला एअरपोर्टवर घ्यायला आल्याची गोष्ट सांगितली. माझ्या बॅगेतून लोणच्याची बरणी कशी फुटली, गाडीला सहा महिने कसा वास येत होता. पोळी संपायच्या आत तीच गोष्ट परत, पहिल्यापासून. मी दोन्ही वेळा हसलो. मग ठोकाठोकीचा आवाज ऐकून विचारतात, "हे काय चाललंय? कोणाचं काम?" म्हटलं, "तुमचंच की काका!" "असं का? बरं, बरं." चेहरा इतका गंभीर की ऑक्टाव्हियोला खरं वाटलं असतं. काकांची मस्करी ओळखायला मराठी माणूसच लागतो.

काकू मात्र हसल्या नाहीत. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मंडळात कोणाला सांगू नकोस हं, काय काय बदल करतोय ते." म्हणजे शोरूमही गेलं.

३० मार्च, पाडवा

काकूंनी श्रीखंड-पुरीला बोलावलं. काका नवा कुर्ता घालून, ताठ बसलेले. पंगत उठायच्या आत चेकबुक घेऊन आले. "श्रीरंग, किती झाले तुझे? आज पाडवा आहे, आज देऊन टाकतो."

तोंडात श्रीखंड. सणाचा दिवस. समोर निधी आणि सिया. "काका, पाडव्याला काय पैशाचं काढताय? काम पुरं होऊ द्या. मी इन्व्हॉइस पाठवतो सावकाश."

काका पेन उघडून बसले होते. "नक्की? नंतर मला म्हणू नकोस."

"नक्की हो!"

काकू मध्येच म्हणाल्या, "घे ना रे श्रीरंग, देतायत तर." मी हात जोडले. गाडीत बसल्यावर निधी म्हणाली, "घ्यायचा होतास." मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला एक रीत असते.

१८ एप्रिल

काम संपलं. लाल सीटसकट. छान झालंय, मला मान्य करावं लागेल. इन्व्हॉइस काकांना ईमेल केली. बासष्ट हजार चारशे.

११ मे

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आज फोन केला. काकूंनी उचलला. "हो रे, बघते मी." मागून काकांचा आवाज, "कोण आहे?" काकू म्हणाल्या, "कोणी नाही."

कोणी नाही! मी कोणी नाही!

२४ मे



समक्ष गेलो. काका बागेत खुर्ची टाकून बसले होते. इकडचं तिकडचं झालं, मग जिवावर आलं तरी विषय काढला. काका माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "दिला की चेक तुला. माझ्या हाताने लिहिला. पाडव्याला."

"नाही काका. तुम्ही देत होता, मी घेतला नाही."

"घेतला नाहीस? धंदेवाला माणूस आणि चेक घेत नाही?" आणि हसले. "मला वेड्यात काढतोस होय रे?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान खाली घातली आणि फरसाणाची बशी उचलून आत गेल्या. पाडव्याला त्या समोर होत्या! सगळं बघितलं त्यांनी!

माणूस इतका बदलतो? ज्याने मला घरात ठेवून घेतलं तो माझ्या तोंडावर खोटं बोलतो, तेही हसत हसत? माझ्याच शब्दांचा फायदा घेऊन? मी घाई काय म्हटलं, बुडवा असं नव्हतं म्हटलं.

त्यांच्या मुलाला, परीक्षितला, सनीव्हेलला फोन लावला. "दादा, आय नो. थोडा वेळ द्या आम्हाला. इट्स कॉम्प्लिकेटेड." यात कॉम्प्लिकेटेड काय आहे? काम केलं, पैसे द्या. मी फोनवर ओरडलो. निधी येऊन ही वही समोर ठेवून गेली.

८ जून

मंडळाची पिकनिक. भट्टीत बसल्यासारखा उकाडा. मी कोणाला सांगणार नव्हतो, पण सुमंतने विचारलं, "काकांचं काम केलंस म्हणे? आमचंही किचन करायचंय," आणि मग राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

सुमंत कणसाला मीठ-लिंबू चोळता चोळता थांबला. "गुरुनाथकाका? पैसे बुडवतील? काहीतरीच काय यार. या शेडचं भाडं दर वर्षी कोण देतं माहितीये?" आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "दिले असतील, तू विसरला असशील." मी विसरलो! बासष्ट हजार डॉलर!

अर्ध्या तासात माझ्याशेजारच्या खुर्च्या रिकाम्या. किचनचं काम अर्थातच गेलं. काका-काकू पिकनिकला आलेच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मनात चोर असला की असंच होतं.

१९ जून

वकीलबाईकडे जाऊन आलो. टेक्सासमध्ये कंत्राटदाराचे पैसे थकले तर घरावर लीन लावता येतं, म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढवतात तसं. ते फेडल्याशिवाय घर विकता येत नाही. एप्रिलमध्ये काम संपलं, म्हणजे पंधरा जुलैच्या आत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत नोंदवायला हवं. मी मनात म्हटलं, जमलं!

मग तिने विचारलं, "हे त्यांचं राहतं घर आहे?"

"हो."

"मग काम सुरू व्हायच्या आधीचा लेखी करार लागतो. नवरा-बायको दोघांच्या सह्यांचा, काउंटीत नोंदवलेला. दाखवा."

माझ्याकडे काय होतं? नारळ फोडतानाचा फोटो होता फोनमध्ये.

"कशाच्या आधारावर काम केलंत?" मी म्हटलं, शब्दाच्या. तिने पेन खाली ठेवलं. बिचारी समजूतदार होती. म्हणाली, काउंटीतली माणसं तुमचा कागद नोंदवून घेतील, ते तपासत नाहीत. पण कोर्टात तो दोन मिनिटं टिकणार नाही, आणि पोकळ आहे हे माहीत असून लावलात तर उलट तुम्हीच अडकाल. दावा करता येईल, पण वर्ष-दीड वर्ष जाईल आणि माझी फी लागेल. आजच्या सल्ल्याचीही लागली.

गाडीत एसी लावून नुसता बसून राहिलो. कुठे जावं कळेना.

३ जुलै

सियाला कळलं. निधीने सांगितलं की तिने ऐकलं, माहीत नाही. माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाबा, आय कॅन डिफर अ इयर. इट्स ओके. रिअली."

ओके कसलं डोंबलाचं? चार वर्षं मरमर अभ्यास केलाय पोरीने. खोलीत भिंतीवर ऑस्टिनचा झेंडा लावलाय. मी "बघू, होईल काहीतरी" म्हटलं. ती "शुअर" म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

कोणाकडे मागू? ज्यांच्याकडे हक्काने मागितले असते असा इथे एकच माणूस होता.

१५ जुलै

शेवटचा दिवस. लावलं लीन.

निधी म्हणाली, वकिलीणीने नको म्हटलंय. मी म्हटलं, मग काय करू, तूच सांग. बँकेत नोटरीसमोर सही केली, रिचमंडला काउंटी क्लार्ककडे गेलो. खिडकीतल्या बाईने शिक्का मारला, फी घेतली, "हॅव अ गुड वन, हनी" म्हणाली. काकांच्या घरावर माझं नाव चढलं.

नियमाप्रमाणे त्यांना एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवली. पाकिटावर लिहिताना पत्ता आठवावा लागला नाही. भारतात पाठवलेल्या माझ्या पहिल्या पत्रांवर मागे हाच पत्ता असायचा, केअर ऑफ गुरुनाथकाका.

आता येतील वठणीवर. असं वाटायला हवं, पण काही वाटत नाही.

२२ जुलै

सकाळी काकूंचा फोन. "तुझा कागद आला. येऊन जातोस?" आवाजात राग नाही, काही नाही. मी वाटेत सगळं भाषण तयार केलं. पाडव्यापासून सुरुवात करायची, मग सिया, मग पिकनिक.

बेल वाजवली. दाराशेजारच्या काचेतून काका दिसले. दार उघडायला आले होते. मूठ फिरवली. दार हलेना. परत फिरवली. मग खालचं लॉक उलटसुलट केलं, मग परत मूठ. चेहरा रडवेला झाला. दोन्ही हातांनी दार ओढायला लागले.

मी बाहेरून ओरडलो, "काका, वर! वरची कडी!"

त्यांनी वर बघितलंच नाही. काचेला तोंड लावून मला निरखलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला. मला. म्हणाले, "जरा थांबा हं. हे दार कोणीतरी बंद करून गेलंय."

मी बंद केलं होतं. पांढरा रंग देऊन, दिसू नये असं. लाल सीट. आरसा. गॅसचा कॉक. सगळं माझ्या हाताने केलं आणि मला, इंजिनिअरला, एकाही गोष्टीवरून कळलं नाही. काकू आतून स्टूल घेऊन धावत आल्या, तोवर माझं भाषण संपलं होतं.

काकूंनी सांगितलं. दोन वर्षं झाली डिमेन्शियाचं निदान होऊन. आरशात दिसलं की स्वतःलाच परका माणूस समजतात. सगळी खाती काकांच्या एकट्याच्या नावावर, आयुष्यभर पैशाचं तेच बघायचे. डोकं चालत होतं तेव्हाच मुखत्यारपत्र करून घे म्हणून परीक्षित मागे लागला होता. "मी कसं म्हणणार रे त्यांना? त्यांना काय वाटलं असतं?" एप्रिलमध्ये काका एकटेच बँकेत गेले, सही जुळेना, तिथे गोंधळले, आरडाओरडा केला. बँकेने खातं गोठवलं. आता कोर्ट काकूंना पालक नेमेल तेव्हा. किती महिने लागतील कोणी सांगत नाही.

"मला आधी सांगायचंत ना हो, काकू."

"तू मंडळात सांगितलं असतंस." मग म्हणाल्या, "त्या करारावर दोघांच्या सह्या लागतात ना? परीक्षित म्हणाला. माझी देते मी. आत्ता देते. चालेल का?"

नाही चालणार. आधीच हवी होती. हे मी त्यांना कसं सांगितलं मला आठवत नाही.

तेवढ्यात काका आतून आले, हातात चेकबुक. टेबलाशी बसले, पेन उघडलं, चष्मा पुसला. सगळं अगदी पूर्वीसारखं, ताठ. काकू त्यांना अडवायला उठल्या आणि परत बसल्या.

"नाव काय घालू?" मला विचारलं.

"श्रीरंग."

काकांनी मान वर केली. एकदम ओळखीचं हसले. "श्रीरंगला ओळखता तुम्ही? फार चांगला मुलगा. एअरपोर्टवरून मीच आणला त्याला. लोणच्याची बरणी फोडली होती बेट्याने." मग कपाळाला आठी पडली. "त्याचे पैसे राहिलेत माझ्याकडे. मला रात्रंदिवस तेच. दोनदा चेक काढला हो मी. दोनदा. तर म्हणतो, घाई काय आहे, काका."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"तुम्ही त्याला नेऊन द्याल?" काका म्हणाले. "तुमच्या हातून घेईल तो."

मी म्हटलं, "घेईल, काका." दोन्ही हातांनी चेक घेतला आणि पाया पडलो.

घरी आलो तर सिया किचनमध्ये होती. तिने माझ्या हातातला चेक घेऊन बघितला. माझं नाव सुरेख अक्षरात. रकमेची जागा कोरी. सहीची जागा कोरी.

"बाबा, देअर्स नथिंग ऑन इट."

निधी म्हणाली, लीन काढून टाक उद्या. मग म्हणाली, नको, राहू दे, निदान काकूंना पालक नेमताना कोर्टात कोणी आपलं देणं बघेल तरी. मग ओट्याला टेकून रडायला लागली. मलाही कळत नाही काय करावं. फीची तारीख पंधरा ऑगस्ट आहे.

चेक वहीत ठेवलाय. फाडवत नाही.